फवाऱ्याचा गुण

"हा माणूस कसा दिसतोय, अमरेश?"

डॉक्टर मंजुश्रींनी पहिला फोटो टेबलावर ठेवला.

"भ्यालाय."

"बरोबर!" डॉक्टरीणबाईंचा चेहरा खुलला. दुसरा फोटो. "रागावलाय." तेही बरोबर.

समोर बसलेला वीरेश खुर्चीच्या कडेवर सरकला.

अमरेश त्याचा धाकटा भाऊ. कॉलेजात असतानाच स्किझोफ्रेनिया झालेला. गोळ्यांनी कानातले आवाज थांबले, पण समोरचा हसतो की रडतो, त्याचं याला सोयरसुतक उरलं नाही. आई गेली त्या दिवशीही पठ्ठ्या जेवायला मागत होता. आता ती जाण परत यावी म्हणून लातूरच्या या दवाखान्यात नाकात मारायच्या फवाऱ्याचा प्रयोग चालला होता. ज्या संप्रेरकाने आईला पान्हा फुटतो, तेच त्यात होतं. "म्हणजे म्हैस पान्हवायचं औषध की!" असं वीरेश तेव्हा हसून म्हणाला होता.

आज हसू येत नव्हतं. आईने मरताना शब्द घेतला होता, अमरेश सुधारायची आशा आहे तोवर त्याला घराबाहेर काढायचं नाही. आणि रविवारी उदगीरचे पाहुणे वीरेशच्या लेकीसाठी, अंबिकासाठी, घर बघायला येणार होते. "घरात येडा दिसला की सोयरीक मोडलीच म्हणून समजा," असं बायकोने बजावलं होतं, तेही अमरेशच्या ताटात भाकरी वाढता वाढता. त्याच्या देखत काहीही बोलायची घराला सवयच होती.

वीरेश देवाला विनवत होता, नापास होऊ दे याला. स्वतःचीच त्याला लाज वाटत होती.

अमरेशने मान वर करून भावाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

तिसऱ्या फोटोतली बाई ढसाढसा रडत होती.

"हसायली," अमरेश म्हणाला.

"नीट बघा."

"हसायली की."

पुढचं एकही उत्तर धड आलं नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला. "पहिली दोन अंदाजाने जुळली असतील. फवाऱ्याचा गुण नाही आला."

"आमचं नशीब, मॅडम." वीरेशने जमेल तेवढं तोंड पाडलं.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या मनोरुग्णांच्या आश्रमात त्याने भावाची पिशवी कॉटवर ठेवली. आतून गलबलून येत होतं, पण चेहरा त्याने हसरा ठेवला. "चार दिवस राहा. येतोच मी न्यायला."

अमरेशने त्याचा हात हातात घेतला.

"दादा, काल मॅडमपुढं लई भ्याला होतास तू. आता भ्यायचं काम न्हाई. फकस्त अंबीच्या लग्नात असं रडू नको. पाहुणे इचारतील."