डावा खांदा

“राग जरा कमी कर,” रेडिओवरच्या बाई हेडफोन काढत म्हणाल्या. “आवाज छान आहे तुझा. पण संध्याकाळी स्वयंपाक करताना लोकांना असलं ऐकवत नाही.”

डॅझ ब्लिसेट उठला. इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीतल्या प्रत्येक रेडिओ स्टेशननं त्याला हेच सुनावलं होतं. बाहेर त्याची मॅनेजर सॅफ चिप्स खात उभी होती.

“काय म्हणाल्या?”

“राग कमी कर.”

“बरोबरच आहे. तू गातोस की जबाब नोंदवतोस, तेच कळत नाही. प्रेमाबिमावर लिही की एखादं. थोबाड बरं दिलंय देवानं.”

तो हसला नाही. विसाव्या वर्षी त्याला रॅप करायचं होतं ते एकाच गोष्टीवर. अल्बमचं नावही ठरलेलं होतं : ‘डावा खांदा’.

चार वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ अँटन याच्या गाडीनं फोलशिल रोडवर एका सायकलवरच्या शिक्षकाला उडवलं होतं. गाडी थांबली नव्हती. शिक्षक जागीच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अँटन आपल्या पायांनी पोलिसांकडे गेला. ‘मीच चालवत होतो’ म्हणाला आणि दहा वर्षांसाठी आत गेला. पण त्या सकाळी डॅझनं त्याला शर्ट बदलताना पाहिलं होतं. सीटबेल्टचा जांभळा वळ त्याच्या डाव्या खांद्यावर होता. गाडी चालवणाऱ्याच्या तो उजव्या खांद्यावर उठतो.

अँटन शेजारच्या सीटवर होता. मग स्टिअरिंगवर कोण होतं?

डॅझच्या मते उत्तर सोपं होतं. अँटनचा जिवलग मित्र, केस कापायचं दुकान चालवणारा कियरन मॉल्ट. सदानकदा त्याच गाडीत असायचा आणि खटल्यानंतर एकदाही अँटनला भेटायला गेला नव्हता.

“अँटननं स्वतः कबूल केलंय,” आई म्हणायची. “तू कशाला उकरत बसतोस?”

एवढं म्हणूनही वर्ना ब्लिसेट मुलाचा एकही कार्यक्रम चुकवत नसे. वृद्धाश्रमातलं काम आटपून ती बसनं यायची. डॅझ गाडीतून आणायला तयार असे, पण ती नको म्हणायची. कोटाची बटणं न काढता दाराजवळ उभी राहायची आणि संपलं की पुन्हा बस गाठायची.

मग एका पबच्या माडीवर कुणीतरी फोनवर त्याचं गाणं टिपलं आणि आठवड्याभरात ते देशभर फिरलं. हॉल भरू लागले. ‘वळ माझ्या भावाच्या डाव्या खांद्यावर’ असं तो म्हणाला की शेकडो पोरं ओरडायची, “स्टिअरिंगवर कोण होतं?” आणि उड्या मारायची.

“अरे, नाव झालं तुझं! आता तरी दात दाखव,” सॅफ म्हणाली.

“नाचतात गं ती. माझा भाऊ आत कुजतोय आणि ही नाचतात.”

गाण्यात कियरनचं नाव नव्हतं. पण ‘फोलशिलचा न्हावी’ म्हटल्यावर गावात सगळ्यांना कळलं. कुणीतरी त्याच्या दुकानाची काच फोडली. बायको लेकीला घेऊन माहेरी गेली. डॅझनं काच फोडली नव्हती. त्याला वाईटही वाटलं नव्हतं.

एक दिवस कियरन स्टुडिओच्या दारात येऊन उभा राहिला.

“मी नव्हतो रे त्या गाडीत.”

“मग कोण होतं?”

“तुझ्या भावानं मला शपथ घातलीय. त्यालाच विचार.”

“चार वर्षं विचारतोय. तो हवापाण्याच्या गप्पा मारतो. चालता हो.”

कियरन खाली मान घालून निघून गेला.

गाणं ऐकून एका वकीलबाईंनी फुकट केस घ्यायची तयारी दाखवली. तुरुंगात पहिल्या दिवशी डॉक्टरनं अँटनला तपासलं होतं, त्यात डाव्या खांद्यावरच्या वळाची नोंद निघाली. खटला पुन्हा उभा राहू शकतो, असं त्या म्हणाल्या. डॅझ पहिल्यांदाच मोकळेपणानं हसला. पुढच्याच भेटीला तो आईला घेऊन गेला.

अँटन कैद्यांची नारिंगी बंडी घालून टेबलाशी बसला होता. केसात पांढरं दिसू लागलं होतं. वर्नानं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि ती चहाच्या खिडकीकडे गेली. रांग लांब होती.

“तू सुटणार आहेस,” डॅझ पुढे वाकून म्हणाला. “वकीलबाई आहेत, डॉक्टरची नोंद आहे. कियरनला पिंजऱ्यात उभा करतो की नाही बघ.”

अँटनचा चेहरा उतरला.

“कागद मागे घे.”

“काय?”

“मागे घे. आणि ते गाणं बंद कर.”

“वेडा आहेस का तू? तुझ्यासाठी गळा फाडतोय मी! रेडिओवाले हाकलतात, लोक नाचतात, पोलीस ऐकत नाहीत आणि तूही? त्या न्हाव्याला अजून किती दिवस वाचवणार आहेस?”

“ओरडू नकोस.” अँटननं खिडकीकडे एक नजर टाकली. “कियरन त्या दिवशी बर्मिंगहॅमला होता. त्याला सगळं माहीत आहे. माझ्यापायी तो गप्प बसलाय आणि तू त्याचा संसार मोडलास.”

“मग गाडी कोण चालवत होतं? आज सांगितल्याशिवाय मी इथून उठणार नाही.”

अँटन अगदी हळू आवाजात म्हणाला,

“तू सोळा वर्षांचा होतास, डॅझ. बाबा तर कधीच सोडून गेलेले. तुझं करायला घरात एकच माणूस होतं. तिला आत जाऊ दिलं असतं का मी?”