गोलातली फट

मुलांनो, समजा तुम्ही एका आठ वर्षांच्या पोरीशेजारी सतरंजीवर बसला आहात. समोर शिवणकारखान्यातल्या सात बायका आणि इस्त्री करणारे तिचे बाबा. कारखान्याला आग लागली तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि तिची आई आत गुदमरून गेली. कामाच्या वेळी ते कुलूप अजूनही लागतं; ते कायमचं निघेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, असं मालकाला लिहून द्यायचं ठरलं. पण पहिली सही कोण करणार? मालक आधी त्यालाच कामावरून काढणार. त्या सातांतल्याच एकीने, पोरीच्या मावशीने, कागदावर ताटली ठेवून गोल काढला. "गोलाभोवती सह्या करा. पहिली कोणाची, मालकाच्या बापालाही कळणार नाही!" सात सह्या झाल्या. बाबांचा हात थांबला. "माझी नोकरी गेली तर पोरीचं कसं?" "भाऊजी, फट राहिली तर सुरुवात कोणाची ते उघडं पडेल." "आईला तर आता कोणी कामावरून काढणार नाही." पोरीने पेन घेतलं आणि फटीत आईचं नाव लिहिलं.