आधी कप

मोबाइलवरच्या लढाईत नवरा गटाचा म्होरक्या होता, आणि घरातही. कानाला हेडफोन लावून तो सोबत्यांवर खेकसत होता, "अरे गाढवांनो, राक्षसाचा सगळ्यात मोठा वार आधी फुकट घालवायचा! एखादा फालतू गडी द्या पुढे ढकलून. तो वार एकदा झाला की कूलडाउन लागतं. ते संपेपर्यंत राक्षस म्हणजे नुसतं बुजगावणं. आपला घाव तेव्हाच घालायचा!"

भाजी निवडणाऱ्या बायकोकडे त्याचं लक्ष गेलं. "तू काय कान टवकारून बसलीयस? तुझ्या डोक्यावरून जाणारं आहे हे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातून त्याचा लाडका कप फुटला. झालं, त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. तिच्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला, खुर्ची लाथाडली गेली, शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. शेवटी घसा बसला तसा तो धापा टाकत सोफ्यावर कोसळला. एकदा असा पेटला की संध्याकाळपर्यंत त्याच्यात काही उरत नाही, हे ती लग्नापासून बघत आली होती.

तिने पलंगाखालून भरलेली बॅग ओढली. "मला दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय. मी चालले. कायमची."

ओरडायला त्याने तोंड उघडलं. नुसता खोकला आला.



चपला घालत ती म्हणाली, "राहू द्या. कूलडाउन चालू आहे तुमचं."