काळुरामला आवतण

"पत्रिकेत नाव टाकलंय ना तुझ्या बापाचं? कैलासवासी काळुराम, ठळक अक्षरात! अजून काय पायजे तुला?"

"पत्रिका वाचून मेलेली मानसं येत नायत, काका," धनेश म्हणाला. "धवल्यात नाव घेऊन बोलवावं लागतं. आजीला गाऊ द्या."

हैबतराव काकांनी इकडंतिकडं बघितलं. मांडवात नवऱ्याकडची मंडळी, रोह्याची, सरबत पीत बसली होती. व्हिडिओवाला वायर ओढत होता. लग्न नम्रताचं, धनेशच्या बहिणीचं. पण बाप धरमतरच्या खाडीत बुडाल्यापासून घरात शब्द चालायचा तो काकांचाच. आणि काकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. लग्न लावायचं जुनं गाणं, धवला, नाय. भटजी बोलावलेत, मंगलाष्टका होतील, बास.

"रोहेकर शिकलेली मानसं हायत," काका दबक्या आवाजात म्हणाले. "त्यांच्यात संस्कृती हाय. म्हातारी तासभर गळा काढनार, आनि त्यांनी काय तिचं तोंड बघत बसायचं?"

"मग पेणला स्टेजवर तिला कोनी नेली? तुमीच ना? शाल घातलीत, माइकवर बोललात, ही आपली संस्कृती."

"तो कार्यक्रम होता."

"तिकडं नवरी खोटी होती. पावडर फासलेली कॉलेजची पोरगी. तवा चालली आजी. हितं खरी नवरी हाय तर आजी अडानी?"

"सातवीतनं पळालेला तू! तू मला संस्कृती शिकवतो?"

काकांचा हात वर गेला. धनेशनं तो हवेतच धरला. धरला खरा, पण मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. त्यानं हात सोडून दिला आणि तो तरातरा आत गेला.

हौसा आजी सैपाकघरात मटार सोलत बसली होती. गावातली कितीतरी लग्नं तिनं गाऊन लावलेली. हैबतराव तिच्या पोटचा, त्याचंसुद्धा. बाहेरचं भांडण तिला ऐकू आलं नसेल असं नाय. पण तिनं मान वर केली नाय.

शालू सावरत नम्रता आली आणि तशीच तिच्यासमोर जमिनीवर बसली. मुंडावळ्या डुलत होत्या.

"गा गो आजी."

"तुजा काका रागवल."

"बाबाला बोलव. तो आल्याबिगर मी हितनं उठत नाय."

म्हातारीनं हात पदराला पुसले. मुठीत तांदूळ घेतले. धनेशनं बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

आत आवाज लागला. पेणला ती मोठ्यानं गायली होती. आज बारीक गात होती, शेजारच्या घरातनं कुणाला हाक मारावी तशी. आधी गणपतीला बोलावलं. मग गावदेवीला. मग खाडीला. एकेक नाव घ्यायचं आणि गप्प व्हायचं. धवल्यात नाव घेतलं की थांबायचं असतं. लांबून येणाऱ्याला यायला वेळ लागतो.

काका धावतच आले. "नवरी कुठाय? मुहूर्त चाललाय! हो बाजूला."

"थांबा. देव येतायत."

काकांनी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. कडीला हात घातला. आणि आतून आलं,

"ये रं माज्या काळू, लेकीच्या लगनाला ये..."

काकांचा हात कडीवरच राहिला. पाठच्या भावाला काळू म्हणून कुणी हाक मारून वर्षं झाली होती. आता सगळे कैलासवासीच म्हणायचे. ते स्वतःसुद्धा.

गाणं थांबलं. आत कुणी हललं नाय. बाहेरही नाय. काकांनी खाली वाकून हळूच बुटाची नाडी सोडली. एक बूट काढला, मग दुसरा. धनेशनं त्यांना दारापाशी जागा करून दिली.

मांडवात माइकवर भटजी खाकरले.

"मुलीला आणा हो लवकर. रोह्याला मला दुसरं लग्न आहे. मला आता निघायला हवं."