डाव्या पोटातले तेल

पसरणी घाटाच्या मधल्या वळणावर इंजिन ओरडत राहिले आणि बुलेट पुढे सरकेना. जयराजने मूठ पिळली. आवाज वाढला, वेग नाही.

“क्लच सुटतोय,” तो म्हणाला. “मागं फिरायला पायजे.”

मागे बसलेली अंकिता उतरली नाही. खाली वाई एखाद्या न उघडलेल्या पत्रासारखी पडून होती. वर पाचगणी होती, सहा-सात वळणांवर. सलग दुसऱ्या रविवारी ती तितक्याच अंतरावर राहिली.

पाचगणीत राजस नावाचा माणूस पर्यटकांना मोटारसायकली भाड्याने देत असे. त्याला गाड्या सांभाळणारा माणूस हवा होता. कामाबरोबर राहायला दोन खोल्या होत्या आणि शेजारच्या शाळेच्या ग्रंथालयात अंकितासाठी जागा राखलेली होती. त्याची अट एकच होती, स्वतःच्या गाडीवरून यायचे.

“जयराजराव,” तो फोनवर म्हणाला, “तुमचीच बुलेट घाट चढत नसेल, तर माझ्या बारा गाड्या तुमच्या हाती कशा देऊ? पुढचा रविवार शेवटचा.”

लग्नानंतरची चार वर्षे आष्ट्याच्या घरात अंकिताने दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर श्वास घेतला होता. तिच्या हाताशी बाहेर पडणारा रस्ता एवढाच होता, आणि तोही निम्म्यावर येऊन सैल पडत होता.

संध्याकाळी सासरे, तात्याबा, ओट्यावर बसून होते. त्यांची नोकरी मिलिटरीच्या वर्कशॉपात झाली होती. बोलणे तेव्हाही कमी असावे.

“चढली न्हाई?”

“नाही, मामंजी.”

“न्हाईच चढायची.”

ते जेवले नाहीत. जयराजने मात्र दुसरी भाकरी मागून घेतली.

मंगळवारी गोठ्यामागे अंकिताला तेलाचा एक रिकामा डबा सापडला. त्यावर चारचाकीचे चित्र होते. अख्ख्या घरात चारचाकी नव्हती. आणि मग तिला दोन शनिवार आठवले: बुलेटच्या डाव्या अंगाला उकिडवे बसलेले तात्याबा, जमिनीवर पसरट परात, कोपरापर्यंत काळे झालेले हात. काय करताय, असे तिने विचारले होते.

“काय न्हाई. तू आत जा.”

शुक्रवारी बाजाराचे निमित्त काढून ती सांगलीला गेली. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने तिच्या मोबाइलमधला डब्याचा फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“वहिनी, जुन्या बुलेटला तीन पोटं असत्यात. इंजिनचं एक, गिअरचं एक, आणि डाव्या बाजूचं हे प्रायमरी. तिघांचं जेवण येगळं. डाव्या पोटात साखळी आन् क्लच एका घरात नांदत्यात. साखळीला तेल पायजे, पण क्लचच्या प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरायला पायजे. तुमी तितं हे कारचं गुळगुळीत तेल वतलं, तर धरणार कोण कुणाला?”

“सपाटीवर तर चालते.”

“सपाटीवर समदीच चालत्यात, वहिनी. घाटात कळतं.”

तो हसला. त्याने काढून दिलेली योग्य तेलाची बाटली तिने भाजीच्या पिशवीत मेथीखाली ठेवली.

शनिवारी दुपारी जयराज उसाला पाणी द्यायला गेला, तेव्हा तिने शेडमध्ये जाऊन दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे बोल्ट सोडला, जुने तेल निथळू दिले आणि नवे भरले. मान वर केली तर दारात तात्याबा उभे होते.

“कुणी शिकवलं?”

“विचारून आले,” ती म्हणाली. तिने बाटली घट्ट धरली होती.

म्हाताऱ्याने वाकून बाटलीच्या तोंडाचा थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला.

“ब्येस हाय.” थोडे थांबून त्यांनी आवाज खाली आणला. “जयराजला सांगू नगंस.”

“का?”

“नगंस म्हंजी नगंस.”

गुपचूप भरलेले गुपचूप काढताही येते. अंधार पडायच्या आत तिने जयराजला सगळे सांगितले: डबा, परात, सांगली, दारातले तात्याबा.

त्याने चिखलाच्या चपला काढून ओट्याखाली सारल्या.

“वडील हायेत माझे,” तो म्हणाला. “त्यांना काय बोलू नगंस. म्हाताऱ्या माणसाला पोरगं लांब जाणं सोसत न्हाई.”

त्याने शेडला कुलूप घातले आणि किल्ली स्वतःच्या उशाखाली ठेवली.

“आता कोण हात लावत न्हाई. झोप तू.”

कित्येक दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

रविवारी ते उजाडताना निघाले. कराड गेले, सातारा गेला. हवेत ओल्या मातीचा गारवा होता आणि इंजिनचा ठोका इतका सरळ होता, की अंकिताने मनातल्या मनात त्या दोन खोल्यांच्या खिडक्यांना पडदेसुद्धा लावले. वाईत दोघांनी चहा घेतला. जयराजने आपला कप अगदी सावकाश संपवला.

मग घाट आला. मागच्या वेळेपेक्षा एक वळण आधीच इंजिन ओरडू लागले, आणि चाक ऐकेनासे झाले.

जयराजने गाडी कडेला घेतली, बंद केली आणि कठड्यावर जाऊन बसला. “आपलं नशीबच न्हाई गं,” तो म्हणाला.

अंकिता रडली नाही. तिच्या मोबाइलला घाटात रेंज नव्हती. तिने त्याच्या खिशातून मोबाइल काढला, तात्याबांचा नंबर लावला आणि जयराजलाही ऐकू जावे म्हणून आवाज मोठा केला. तो झटकन उठला. पण पलीकडून फोन उचलला गेला होता. ती तोंड उघडणार, तोच एक थकलेला आवाज तिच्या आधी बोलला.

“परत तेच कारचं तेल वतलंस न्हवं, जयराज? आरं, तुज्या मागनं किती येळा बदलायचं म्या?”