दुसरे रंगनाथराव

कैरीच्या नव्या लोणच्याची तिसरी फोड रंगनाथरावांना नकोशी झाली होती, तरी त्यांनी ती भाताबरोबर संपवली. मे महिन्याच्या उकाड्यात वर मूठभर खारे शेंगदाणेही खाल्ले. उद्या रविवार. पूर्वा यायला हवी होती.

मनगटावरचं घड्याळ हडपसरच्या एका आरोग्य केंद्रानं दिलेलं. ते नाडी, झोप, रक्तदाब केंद्राला कळवायचं, आणि त्या आकड्यांवरून तिथल्या संगणकात रंगनाथरावांच्या शरीराची हुबेहूब नक्कल, त्यांचं एक जुळं, तयार केलेलं होतं. शरीरात पुढे जे बिघडणार, ते आधी त्या जुळ्यात दिसायचं. जुळं बिघडलं, की केंद्रातली पूर्वा शनिवार पेठेतले त्यांचे जिने चढून यायची.

ती पहिल्यांदा आली तेव्हा रंगनाथरावांची पत्नी जाऊन वर्ष झालं होतं. दाराची बेल गॅसवाल्याखेरीज कुणी वाजवत नव्हतं. पूर्वानं मीठ कमी करायला सांगितलं. रंगनाथरावांनी ते मनापासून पाळलं. जुळं सुधारलं, आणि पूर्वा यायची थांबली.

मग ते लोणच्याकडे वळले.

आता ती दर रविवारी येई. रक्तदाब बघून झाला तरी तिला उठायची घाई नसे. मूळची वर्ध्याची, इथे खोली घेऊन एकटीच राहायची. रंगनाथराव पोहे करत, ती कोथिंबीर निवडे. त्यांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली होती. झाडाची सावली कशी काढायची, हे तिनं त्यांच्याकडून शिकून घेतलं. मध्यंतरी तापात त्यांची तोंडाची चव गेली आणि आठवडाभर नुसत्या पेजेवर राहावं लागलं. मीठ पोटात नाही, आता पूर्वा कसली येते, असं त्यांना वाटलं. तरी बेल वाजली. जुळं अजून नीट नाही, म्हणाली. शरीर जुनं खाल्लेलं लवकर विसरत नसावं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

या रविवारी मात्र ती वाळल्यासारखी दिसली. पोहे तिनं दोनदा मागून घेतले.

"वरचे लोक बोलतात का गं तुला?" त्यांनी विचारलं.

"कशाबद्दल?"

"माझ्यात काही सुधारणा नाही म्हणून."

तिनं रिकामी बशी उचलून मोरीत ठेवली. "तुम्ही माझी काळजी करू नका, काका. तब्येत सांभाळा."

ते उत्तर त्यांना दिवसभर सलत राहिलं. आपल्या लोणच्यापायी पोरीच्या नोकरीवर गदा आली तर? खरं सांगितलं, तर तिचं येणं संपणार, हेही उघड होतं. सोमवारी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि हडपसरची बस धरली.

केंद्राच्या खिडकीत साई नावाचा तरुण बसला होता. रंगनाथरावांनी त्याला सगळं सांगितलं, लोणच्यासकट. चूक आपली आहे, पूर्वाला बोल लावू नका, आणि यापुढे तिला आपल्याकडे पाठवायची गरज नाही, एवढं म्हणाले.

साईनं त्यांचं नाव संगणकात टाकलं. पडद्यावरची नोंद वाचली, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"काका, ही जुळ्यांची योजना मागच्या दिवाळीतच बंद झाली," तो म्हणाला. "पूर्वा मॅडमना तेव्हाच कामावरून कमी केलं."