अवजारांच्या रांगेत

"आता बघा," म्हणत नरसिंगने पेनड्राइव्ह तिसऱ्यांदा खोचला.

लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवी पट्टी उगवली, बोटभर सरकली आणि बसकण मारली. आधी सव्वा तास दाखवत होती, मग अकरा तास दाखवायला लागली. खालच्या कोपऱ्यात एक सूचना आली, की हे उपकरण याहून वेगाने चालू शकतं. सांगायला तिचं काय जातंय!

उदगीरच्या बसस्टँडसमोरच्या नरसिंगच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तेव्हा साडेतीन वाजले होते. शिल्पाची फिल्म लॅपटॉपमधून पेनड्राइव्हवर, तिथून नरसिंगच्या कॉम्प्युटरवर आणि तिथून फेलोशिपच्या साइटवर चढायची होती. साइट पाचला बंद होणार होती. अर्जाला वयाची अट तिशीची होती आणि शिल्पा पुढच्या महिन्यात तिशी ओलांडणार होती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. तीन वर्षं चाळीस गावं पालथी घालून तिने देवणी गाई आणि त्या सांभाळणारी माणसं टिपली होती. शेवटचा तुकडा काल रात्री जोडून झाला. बावीस मिनिटांची फिल्म, आणि ती त्या डब्यातून बाहेर यायला तयार नव्हती.

"दुसऱ्या भोकात घाल की," शिल्पाचे वडील म्हणाले. ग्यानोबा इस्त्रीचा सदरा घालून मुद्दाम देवणीहून आले होते, लेक फिल्म धाडताना बघायला.

दुसऱ्या भोकात घातला. तिथे तर पेनड्राइव्ह लावलाय हेच लॅपटॉपला कळेना. आगीतून फुफाट्यात.

"डिस्कच काढून घ्या ना दादा," शिल्पा म्हणाली.

"ह्या मॉडेलात निघत न्हाई ताई, बोर्डालाच बसवलेली असती. वायफाय तर तुमचं मागंच गेलंय. आता हे एकच दार हाय."

"अर्धं धाडलं तर चालत न्हाई का?" ग्यानोबांनी विचारलं. "ऱ्हायलेलं उद्या देतो म्हणावं."

"न्हाई आबा."

नरसिंगने लॅपटॉप आडवा केला आणि फटीत बॅटरीचा उजेड मारला. मग सुई घेऊन अलगद खरवडलं. खाली धरलेल्या पांढऱ्या कागदावर लाल कपच्या पडल्या. त्यामागून पिवळ्या. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. त्याने कागद नाकाशी नेला.

"हे कुंकू कसं काय गेलं हो आत?"

"म्याच लावलो की!" ग्यानोबा एकदम पुढे सरसावले. "खंडेनवमीला. समद्या अवजारांसंगं मांडलो. पाभर, कुळव, कोयता, अन् पोरीचं हे. बाकीचे धुतलो, ह्याला नुसतं ओल्या फडक्यानं पुसलो बरं का, मशीन हाय म्हणून. मग बोटं भिजवून हळद-कुंकू लावलो, चारी बाजूंनी. अन् वरून नारळाचं पाणी शिंपडलो."

नरसिंगने कागद खाली ठेवला. त्याने शिल्पाकडे पाहिलं.

शिल्पा त्या कागदाकडे बघत होती. तीन वर्षं आबा त्या लॅपटॉपला खोका म्हणत आले होते. खोका घेऊन कुठं चाललीस, खोक्यानं पोट भरतंय का. यंदा पहिल्यांदाच त्यांनी तो स्वतः आत जाऊन आणला होता आणि कुळवाशेजारी मांडला होता. त्या सकाळी तिला रडू आलं होतं. तिने मोबाइलवर फोटोही काढला होता. आत्ताही रडू येत होतं, पण ते निराळं.

"का रे, कामून इचारलास?" ग्यानोबा म्हणाले.

शिल्पाने नरसिंगकडे बघून नकारार्थी मान हलवली. जराशीच.

"काही न्हाई मामा," नरसिंग म्हणाला. "मशीनच जुनं हाय."

त्याने पिनांवर औषध मारलं, ब्रश फिरवला, फुंकर घातली आणि पेनड्राइव्ह पुन्हा खोचला. पट्टी निघाली. दहा टक्के, वीस, पस्तीस. शिल्पा खुर्चीच्या काठावर आली. ग्यानोबांनी मनातल्या मनात कुणाला तरी हात जोडले. बेचाळीसवर पट्टी थांबली, लॅपटॉपने टुण्णकन आवाज केला आणि पेनड्राइव्ह दिसेनासा झाला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पुन्हा पहिल्यापासून. मग सोळावर तुटलं. मग सहावर. मग तेही नाही.

पाच वाजले. साइटवर एक ओळ आली, अर्ज स्वीकारणे बंद झाले आहे. नरसिंग तरीही पिना घासत राहिला, बैल गेला आन् झोपा केला तशातली गत. शिल्पानेच शेवटी त्याचा हात थांबवला आणि लॅपटॉप मिटला.

"ऱ्हाऊ द्या दादा."

ग्यानोबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. लॅपटॉप त्यात नीट गुंडाळला आणि छातीशी धरला. दुकानाची पायरी उतरताना ते थांबले.

"माझीच पूजा कुठंतरी कमी पडली गं," ते म्हणाले. "फुडल्या दसऱ्याला ह्याला पैलं मांडतो. कुळवाच्या बी आदी."